बाईंना समजवायचे, की बाईंना विचारायचे?

पत्राचा गोषवारा: पत्रलेखिका एका तालुक्याच्या गावी बँकेत नोकरी करतात. त्यांचा साडेआठ वर्षांचा मुलगा अनुदानित शाळेत तिसरीत शिकतो. वर्गात ५४ मुले आहेत. गेल्या वर्षी जिल्ह्याच्या ठिकाणच्या बालमानसोपचारतज्ज्ञांनी त्याला एडीएचडी, म्हणजे अवधानाचा अभाव आणि अतिचंचलता, असल्याचे निदान केले. डॉक्टरांनी दोन फॉर्म दिले होते, एक पालकांनी भरायचा आणि एक वर्गशिक्षिकेने. शाळेला कळू नये म्हणून दोन्ही फॉर्म आईनेच भरले. जूनपासून मिथाइलफेनिडेटची गोळी सुरू आहे. आई सकाळी साडेआठला, कामावर निघण्यापूर्वी ती देते. शाळा साडेदहा ते पाच असते. जुलैमध्ये मुलानेच मित्राला गोळीबद्दल सांगितले आणि बातमी वर्गशिक्षिकेपर्यंत गेली. २६ वर्षे नोकरी झालेल्या या बाई म्हणाल्या, “एवढ्याशा पोराला मेंदूची गोळी? मठ्ठ होईल तो. सकाळी नुसता कोमेजून बसतो आणि मधल्या सुट्टीनंतर पुन्हा होता तसाच. मग उपयोग काय?” वही अपूर्ण राहिली की त्याचा खेळाचा तास बंद होतो. त्याची जागा खिडकीजवळ, शेवटच्या बाकावर आहे. एकदा सगळ्या वर्गादेखत “आज गोळी घेतलीस का रे?” असेही विचारून झाले. आईने इंटरनेटवरची १४ पानी इंग्रजी माहिती छापून दिली. बाईंनी ती कपाटात ठेवून दिली. सासूबाई गोळी बंद करा म्हणतात, पती शाळा बदलू म्हणतात. पत्रलेखिका विचारतात, “अशा जुन्या वळणाच्या शिक्षिकेला हा आजार आणि त्यावरचे उपचार समजावून कसे सांगायचे?”

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात सर्वांत मोलाची अशी दोन वाक्ये आहेत आणि ती दोन्ही बाईंची आहेत. ‘सकाळी नुसता कोमेजून बसतो’ हे एक आणि ‘मधल्या सुट्टीनंतर पुन्हा होता तसाच’ हे दुसरे. तुम्ही ती बाईंच्या अज्ञानाचा दाखला म्हणून लिहून पाठवली आहेत. मला मात्र वाचताना सारखे वाटत होते, की हीच वाक्ये तुमच्या डॉक्टरांच्या केसपेपरवर असायला हवी होती.

गोळीची वेळ आणि शाळेची वेळ जरा शेजारी ठेवून पाहा. साध्या, म्हणजे पोटात लगेच विरघळणाऱ्या मिथाइलफेनिडेटचा परिणाम गोळी घेतल्यावर अर्ध्या ते एक तासात जाणवू लागतो आणि साधारण तीन ते चार तास टिकतो. तुमच्या मुलाची गोळी या प्रकारची असेल, तर साडेआठला दिलेली गोळी साडेबाराच्या सुमारास ओसरते. म्हणजे शाळेच्या साडेसहा तासांपैकी जेमतेम दोन तास तिचा परिणाम असतो आणि बाकीचा घरी, आंघोळ-डबा-दप्तर यांतच संपून जातो. मधल्या सुट्टीनंतर बाईंसमोर जो मुलगा बसलेला असतो, तो औषध न घेतलेल्या मुलासारखाच असतो. तेव्हा ‘उपयोग काय?’ हा प्रश्न त्यांच्या जागी असलेल्या कोणालाही पडला असता. काही मुलांच्या बाबतीत औषध ओसरताना तासभर चिडचिड आणि चुळबुळ नेहमीपेक्षाही वाढते, आणि ती नेमकी वर्गातच दिसते.

सकाळच्या कोमेजण्याकडे तर अधिकच लक्ष द्यायला हवे. औषधाची मात्रा मुलाच्या गरजेपेक्षा जास्त झाली, तर ते मूल गप्प आणि निरुत्साही होते, त्याची नेहमीची बडबड आणि हसू हरवते. डॉक्टर याला औषधाचा गुण समजत नाहीत. मात्रा कमी करण्याची किंवा औषध बदलण्याची ती खूण असते. अर्थात कारण साधेही असू शकेल. या औषधाने भूक मंदावते आणि काही मुलांची झोप उडते, त्यामुळे अर्धपोटी, अर्धवट झोपेत आलेले मूलही पहिले दोन तास असेच बसेल. यांतले खरे काय, हे मला इथून सांगता येणार नाही आणि तुम्हालाही घरून सांगता येणार नाही, कारण त्या वेळी तुम्ही बँकेत असता. मात्रा, वेळ किंवा दीर्घकाळ टिकणारा प्रकार याबद्दलचा निर्णय डॉक्टरांनीच घ्यायचा आहे. तुम्ही आपणहून गोळी मागे-पुढे करू नका, अचानक बंदही करू नका. परंतु तो निर्णय ज्या माहितीवर व्हायचा, ती माहिती आज एकाच व्यक्तीकडे आहे आणि तिलाच आपण ‘समजावून’ सांगायला निघालो आहोत.

आता त्या फॉर्मबद्दल थोडे स्पष्ट बोलते. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आणि आपल्याकडेही वापरल्या जाणाऱ्या निकषांनुसार, मुलांमध्ये हे निदान करण्यासाठी अवधानाचा अभाव आणि अतिचंचलता यांच्या नऊ-नऊ लक्षणांच्या दोन याद्यांपैकी किमान एकीतली सहा लक्षणे सहा महिने टिकलेली असावी लागतात, त्यांतली काही वयाच्या बाराव्या वर्षापूर्वी दिसलेली असावी लागतात, आणि ती एकाहून अधिक ठिकाणी, म्हणजे घरी आणि शाळेत, दिसावी लागतात. शिक्षकांचा फॉर्म वेगळा असतो तो या शेवटच्या अटीसाठी. तो तुम्ही भरला म्हणून निदान चुकले असे मी म्हणत नाही. तुमच्या पत्रातले वर्णन पाहता ते बरोबर असण्याचीच शक्यता मला अधिक वाटते. तरीही डॉक्टरांसमोर दोन साक्षी म्हणून जे ठेवले गेले, ती एकच साक्ष दोनदा होती, आणि हे तुम्ही त्यांना पुढच्या भेटीत मोकळेपणाने सांगितले पाहिजे. ते रागावणार नाहीत. शाळेपासून लपवणारे तुम्ही पहिले पालक नाही. (शिक्षकांची नजर अचूकच असते असेही नाही. वर्गात वयाने सर्वांत लहान असलेल्या मुलांना हे निदान अधिक प्रमाणात मिळते, असे अनेक देशांत आढळले आहे, कारण त्यांच्या वयानुसार असलेल्या चुळबुळीची तुलना जवळजवळ वर्षभराने मोठ्या मुलांशी केली जाते. तुमचा मुलगा वर्गात लहानांपैकी असेल, तर तेही डॉक्टरांच्या कानांवर घाला.)

बाईंच्या बाजूने हा प्रसंग कसा दिसला असेल, याचाही विचार करा. त्यांच्या वर्गातल्या मुलाला निदान झाले, औषध सुरू झाले आणि हे त्यांना सर्वांत शेवटी, तेही मुलांच्या गप्पांमधून कळले. नंतर आई आली ती १४ पाने घेऊन. त्या पानांत काय आहे यापेक्षा ती पाने का दिली जात आहेत, हे त्यांना आधी कळले असणार. सव्वीस वर्षे शिकवलेल्या माणसाच्या हातात आपण इंग्रजी छापील मजकूर ठेवतो, तेव्हा आपल्याला म्हणायचे असो वा नसो, ‘तुम्हाला काही माहीत नाही’ असेच त्यांच्यापर्यंत पोहोचते.

त्यांना काहीच माहीत नाही, हे गृहीतकही तपासून पाहण्यासारखे आहे. जगभरातील अभ्यास एकत्र करून पाहिले, तर शाळकरी मुलांत या अवस्थेचे प्रमाण सुमारे ५ टक्के येते. ५४ मुलांच्या वर्गात दोन किंवा तीन. या हिशेबाने बाईंच्या हाताखालून अशी कितीतरी मुले गेली असतील. नाव कोणी सांगितले नसेल एवढेच. त्यांतली काही मुलगी म्हणून नजरेतून सुटली असतील, कारण मुलींमध्ये उड्या मारण्यापेक्षा हरवून बसणेच पुष्कळदा जास्त असते आणि शांत बसलेल्या मुलीबद्दल कोणी तक्रार करीत नाही. बाईंना एकदा सहज विचारा, “याच्यासारखा कोणी पूर्वी तुमच्या वर्गात होता का हो? त्याचे पुढे काय झाले?” बहुतेक शिक्षकांना असा एखादा विद्यार्थी नावानिशी आठवतो. त्याच्याबद्दल त्या बोलू लागल्या, की तुमच्या १४ पानांतले निम्मे त्या स्वतःच तुम्हाला सांगतील.

भेट मागाल तेव्हा पालकसभेच्या गर्दीत नको. शाळा सुटल्यानंतरची १५ मिनिटे मागून घ्या आणि शक्य असेल तर पतींनाही सोबत न्या. सुरुवात साधारण अशी करता येईल: “बाई, तो फॉर्म खरे तर तुमच्याकडून भरून घ्यायला हवा होता. आम्ही घाबरलो आणि घेतला नाही. गोळीचेही तुम्हाला मुलांकडून कळले, याचे मला वाईट वाटते. तुम्ही म्हणालात, की तो सकाळी कोमेजतो आणि दुपारी पूर्वीसारखा होतो. ते आम्हाला घरी दिसत नाही. डॉक्टरांना ते सांगायचे आहे. दोन आठवडे तुम्ही थोडी नोंद ठेवाल का?” एवढे बोलून थांबा. मेंदूतील रसायने, संशोधन, परदेशातल्या शाळा यांपैकी काहीही पहिल्या भेटीत काढू नका. त्यांनी मनातले बोलून घेतले आणि त्यात गोळीला विरोध असला, तरी तिथल्या तिथे खोडून काढू नका.

मागाहून त्यांनी विचारलेच, तर सांगण्यासारखे पुष्कळ आहे. हे नवे फॅड आहे असे त्यांना वाटत असेल, तर औषधांचा हा इतिहास जुना आहे. १९३७ मध्ये अमेरिकेत चार्ल्स ब्रॅडली या डॉक्टरांना उत्तेजक औषध दिलेल्या काही मुलांचे शाळेतले काम लक्षणीय सुधारलेले दिसले. मिथाइलफेनिडेट हेही उत्तेजकच; ते १९४४ मध्ये स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीत लिआंद्रो पानिझोन या रसायनशास्त्रज्ञाने तयार केले आणि त्याचे ‘रिटालिन’ हे व्यापारी नाव त्याच्या पत्नीच्या ‘रीटा’ या लाडक्या नावावरून आले. म्हणजे औषध बाईंच्या आणि माझ्याही जन्माआधीचे आहे. ते मेंदूतील डोपामिन आणि नॉरअ‍ॅड्रेनालिन या रसायनांचा प्रभाव काही तास वाढवते. मुलाला गुंगी आणून गप्प करणे हे त्याचे काम नाही. पुढे व्यसन लागेल ही भीतीही सर्रास असते. योग्य देखरेखीखाली घेतलेल्या उपचारांमुळे पुढील आयुष्यात व्यसनाचा धोका वाढतो, असे दीर्घकालीन अभ्यासांत दिसलेले नाही. सासूबाई कदाचित गोड बंद करायलाही सांगत असतील. साखरेमुळे मुले चंचल होतात का, यावरचे प्रयोग एकत्र तपासून १९९५ मध्ये तसा परिणाम आढळत नसल्याचे दाखवण्यात आले. तेव्हा लाडूला यातून मोकळे करायला हरकत नाही.

आणखी एक माहिती मी बाईंसाठी आवर्जून राखून ठेवीन, कारण ती त्यांच्या कामाची आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतील संशोधकांना २००७ मध्ये असे आढळले, की मेंदूच्या बाह्य आवरणाची जाडी वाढत वाढत जिथे कमाल होते, तो टप्पा इतर मुले सरासरी साडेसाताव्या वर्षी गाठतात, तर एडीएचडी असलेली मुले साडेदहाव्या वर्षी. आणि हा उशीर लक्ष व नियोजन सांभाळणाऱ्या भागांत जास्त असतो. वाढीचा क्रम तोच, वेळापत्रक मात्र उशिराचे. प्रत्येक मुलाला हे आकडे जसेच्या तसे लावता येत नाहीत. तरी तिसरीतल्या या मुलाकडून स्वतःला आवरण्याच्या बाबतीत पहिलीतल्या मुलाएवढीच अपेक्षा ठेवायची, एवढे जरी बाईंच्या मनात राहिले, तरी ‘मुद्दाम करतो’ हा राग बराच कमी होतो.

हे सगळे समजले म्हणजे वर्गातली वागणूक आपोआप बदलेल, अशी तुमची आशा असेल तर ती जरा आवरायला हवी. माहिती आणि सवय यांच्यामध्ये ५४ मुले, सहा विषय, शालेय पोषण आहाराची नोंदवही आणि ऑनलाइन भरायच्या माहितीचे तक्ते उभे असतात. शिक्षण हक्क कायद्यात प्राथमिक वर्गासाठी ३० मुलांमागे एक शिक्षक अपेक्षित आहे. तुमच्या बाईंकडे त्याच्या जवळजवळ दुप्पट मुले आहेत. म्हणून त्यांच्याकडे थोडे मागा, आणि जे मागाल ते बसल्या जागी करता येण्यासारखे असू द्या.

मी दोनच गोष्टी मागितल्या असत्या. पहिली, जागा. फळ्यावरचे उतरवून घेणे हे काम आपण सोपे समजतो, पण ते काय असते ते पाहा: मान वर करून ओळ वाचायची, ती डोक्यात धरायची, मान खाली घालायची, वहीत आपण कुठे होतो ते शोधायचे, लिहायचे, पुन्हा मान वर करून फळ्यावर तीच जागा शोधायची. तेवढ्यात खिडकीबाहेर शिपाईमामा घंटेकडे निघालेले दिसतात आणि ओळ निसटते; पुन्हा पहिल्यापासून. चौथ्या ओळीपर्यंत इतरांची पाने भरलेली असतात आणि फळा पुसला जातो. अशा मुलाला खिडकीजवळ शेवटच्या बाकावर बसवून ‘वही अपूर्ण’ हा शेरा देणे म्हणजे त्याला हरवणारी शर्यतच लावणे. पहिल्या दोन बाकांत, बाईंच्या हाताच्या अंतरावर, शांत सोबत्याशेजारी जागा मिळाली, तर बाईंनाही दर वेळी नाव घेऊन ओरडावे लागत नाही. बाकावर बोट टेकवले तरी पुरते. लिहायचे असेल तेव्हा त्याला निम्मेच उतरवायला सांगून उरलेले पुस्तकात खूण करून देता येते.

दुसरी गोष्ट, खेळाचा तास. वही अपूर्ण राहिली म्हणून खेळ बंद करणे ही शिक्षा बहुतेक शिक्षकांना सौम्य आणि न्याय्य वाटते. या मुलांच्या बाबतीत ती उलटते. ज्याला हालचालीची गरज सर्वांत जास्त आहे त्याचाच धावण्याचा तास गेला, की पुढच्या तासाला त्याचे हात-पाय बाकावर थांबत नाहीत आणि त्याचा त्रास बाईंनाच होतो. त्यांना म्हणा, “काम राहिले तर घरी पाठवा, मी बसून करून घेईन, खेळाचा तास तेवढा राहू द्या.” वह्या वाटणे, खडू आणून देणे, हजेरीपट कार्यालयात पोहोचवणे अशी उठायची कामे त्याला अधूनमधून दिली तर उत्तमच. ही युक्ती अनुभवी शिक्षकांना आधीच ठाऊक असते.

नोंदीसाठी पोस्टकार्डाएवढा एक पुठ्ठा करा. त्यावर तीन ओळी लिहा: फळ्यावरचे निम्मे लिखाण पूर्ण केले; न विचारता जागेवरून तीनपेक्षा कमी वेळा उठला; घरचा अभ्यास उतरवून घेतला. प्रत्येक ओळीपुढे दोन चौकोन ठेवा, एक मधल्या सुट्टीआधीचा आणि एक नंतरचा. बाईंनी फक्त बरोबरची खूण करायची; खूण नसली तर नसली, शेरा लिहायचा नाही. खालच्या कोपऱ्यात ‘सकाळी: उत्साही / नेहमीसारखा / कोमेजलेला’ एवढे छापा, म्हणजे एकाला गोल करता येईल. दिवसाकाठी अर्धा मिनिट. शाळेतून घरी येणाऱ्या अशा रोजच्या कार्डाचा उपयोग अनेक अभ्यासांत दिसून आलेला आहे, मात्र दोन अटींवर. पहिल्या आठवड्यातली उद्दिष्टे मुलाला सहज जमतील इतकी सोपी ठेवायची, आणि घरी त्याचे फळ त्याच दिवशी द्यायचे: संध्याकाळी बाबांबरोबर सायकल, रात्रीची भाजी त्याने ठरवायची, कॅरमचा एक जादा डाव. ‘वार्षिक परीक्षेनंतर सायकल घेऊ’ हे आश्वासन या मुलाच्या दृष्टीने पुढच्या जन्मातले असते. कार्ड कोरे आले तर रागावू नका, नाही तर ते तिसऱ्या दिवशी रिक्षातच हरवेल.

एका बाबतीत मात्र मी तुम्हाला नमते घ्यायला सांगणार नाही. वर्गादेखत ‘गोळी घेतलीस का?’ असे विचारणे चुकीचेच आहे. मुलांना चिडवायला एवढे पुरते, आणि चिडवलेले मूल पुढे गोळी थुंकून टाकू लागते. आवाज न चढवता, पण ठामपणे सांगा, की औषधाचे बोलणे तुमच्यात आणि बाईंमध्येच राहील, मुलांसमोर होणार नाही. डॉक्टरांनी दुपारची गोळी शाळेत द्यायला सांगितली, तर ती दप्तरात पाठवू नका. हे औषध १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याच्या यादीत येते आणि चिठ्ठीशिवाय मिळत नाही. डॉक्टरांचे पत्र जोडून ती मुख्याध्यापकांच्या कार्यालयात ठेवा आणि तिथल्याच कोणा मोठ्या माणसाच्या हातून दिली जाईल अशी व्यवस्था करा. दीर्घकाळ टिकणाऱ्या प्रकाराने भागत असेल, तर ही यातायातच वाचते.

तुमच्या पत्रात सासूबाईंचे एक वाक्य येऊन गेले आहे आणि त्यावर तुम्ही काहीच लिहिलेले नाही. मला शंका येते, की ‘गोळी द्यावी का?’ हा प्रश्न बाईंइतकाच तुमच्याही मनात आहे आणि बाईंनी तो मोठ्याने विचारला म्हणून तो अधिक टोचला. असे असेल तर त्यात वावगे काही नाही. या बाबतीतला सर्वांत गाजलेला अभ्यास अमेरिकेत झाला आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ७ ते ९ वयोगटातील ५७९ मुलांवर १४ महिने वेगवेगळे उपचार झाले. चंचलता आणि लक्ष यांबाबत काळजीपूर्वक दिलेले औषध केवळ वर्तन-उपचारांपेक्षा सरस ठरले आणि दोन्ही एकत्र दिले तेव्हा औषधाची मात्रा कमी पुरली. यातला एक भाग फारसा सांगितला जात नाही. आपापल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे उपचार घेणाऱ्या गटातल्या सुमारे दोन तृतीयांश मुलांनाही औषध मिळतच होते, पण ती तितकी सुधारली नाहीत. अभ्यासातल्या डॉक्टरांनी मुलांना दर महिन्याला तपासले, औषध दिवसभर पुरेल असे दिले आणि शिक्षकांकडून नियमित माहिती घेतली. नेहमीच्या उपचारांत हे बहुधा होत नव्हते. तीन वर्षांनंतर मात्र या गटांतला फरक उरला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. काही डॉक्टर या गोळीला चष्म्याची उपमा देतात. ती मला अर्धीच पटते: चष्मा लावताच अक्षरे दिसतात, गोळीने मुलाला स्थिर बसून ऐकण्याची संधी मिळते, पण दप्तर भरणे, वेळ ओळखणे, रांगेत थांबणे हे त्या वेळात कोणी तरी शिकवावे लागते.

पुढच्या भेटीला जाताना दोन आठवड्यांची कार्डे, या वेळी बाईंनी भरलेला फॉर्म, डबा किती उरतो याची नोंद आणि रात्री झोप कधी लागते ते लिहून न्या. वजन, उंची, नाडी आणि रक्तदाब दर भेटीत मोजले जातात ना, ते पाहा. आणखी एक विचारा: गोळीच्या परिणामाच्या वेळातही लिहिणे-वाचणे अडते का? एडीएचडीबरोबर अध्ययन-अक्षमता, म्हणजे बुद्धी असूनही वाचन, लेखन किंवा गणित शिकताना येणारी अडचण, असणे दुर्मीळ नाही आणि ती गोळीने जात नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन-अक्षमता आहे, एडीएचडी स्वतंत्रपणे नाही. त्यामुळे तसे काही असेल, तर त्याचे वेगळे मूल्यमापन आणि प्रमाणपत्र घ्यावे लागेल. ते वयाची आठ वर्षे पूर्ण झाल्यावर मिळते, म्हणजे तुमच्या मुलाचे वय योग्यच आहे.

हे पत्र वाचणाऱ्या इतर पालकांसाठी, आणि त्यांच्यात कोणी शिक्षक असतील तर त्यांच्यासाठीही, थोडे सांगते. एका आईने एका बाईंना पटवणे हा लांबचा रस्ता आहे. आपल्याकडे केंद्रस्तरावर शिक्षकांची शिक्षण परिषद भरते आणि गट साधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात. केंद्रप्रमुखांना भेटून एका परिषदेत हा विषय घ्यायची विनंती केली, तर त्या परिसरातल्या सगळ्या शाळांपर्यंत तो एका दुपारी जातो, आणि शिक्षक शिक्षकांकडून ऐकतात तेव्हा अपमान वाटत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून झाली. सरकारी आणि अनुदानित शाळांत तपासणीसाठी येणाऱ्या त्याच्या पथकाकडे असलेल्या ३० अवस्थांच्या यादीत एडीएचडीचाही समावेश आहे. पथक शाळेत येईल तेव्हा शिक्षकांनी दात आणि डोळ्यांबरोबर अशा मुलांचीही नावे द्यावीत. तिथून मुलाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवता येते. जवळ तज्ज्ञ नसतील त्यांना १४४१६ या ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येते. आणि सहा वर्षांपेक्षा लहान मुलांच्या पालकांनी घाई करू नये; त्या वयात आधी पालकांनीच वर्तन-हाताळणीचे प्रशिक्षण घ्यावे आणि औषधाचा विचार त्यानंतर व्हावा, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात.

शाळा बदलण्याबाबत तुमच्या पतींना सांगा, की दिवाळीच्या सुट्टीपर्यंत थांबू. नव्या शाळेतही पन्नासावर मुले असतील, नव्या शिक्षकांना पुन्हा पहिल्यापासून सांगावे लागेल आणि मुलाचे मित्र मात्र सुटतील. तोपर्यंत मारहाण किंवा सततची मानहानी सुरू झाली, तर थांबू नका. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही निषिद्ध आहेत; मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या, पोच घ्या आणि दाद मिळाली नाही तर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जा. नुसता मतभेद असेल, तर त्या वाटेला जाऊ नका. तक्रारीनंतर बाई वरकरणी नियमाने वागतील आणि मुलाकडे बघणेच सोडतील. सगळे करूनही पहिल्या सत्राअखेर कार्डे कोरी आणि जागा खिडकीपाशीच असेल, तर आधी त्याच शाळेत तुकडी बदलून मिळते का ते विचारा. तेही झाले नाही, तर शाळा बदला, पण जूनमध्ये, आणि नव्या वर्गशिक्षकांना शाळा सुरू होण्यापूर्वीच भेटा. सोबत १४ पाने नकोत. मराठीत, हाताने लिहिलेले एकच पान द्या: याला काय जमते, काय जमत नाही, गोळी कधी घेतो, ती कधी ओसरते, आणि काही वेगळे दिसले तर कोणत्या क्रमांकावर फोन करायचा.